इनपुट चेन आखूड ठेवा: लिनक्स फायरवॉलमध्ये स्वतःच्या चेन कशा वापरायच्या

एखाद्या जुन्या सर्व्हरवर लॉगिन करावं, फायरवॉलचे नियम काढून बघावेत, तर इनपुट चेनमध्ये, म्हणजे मशीनकडे येणाऱ्या पॅकेटना (डेटाच्या तुकड्यांना) लागणाऱ्या नियमांच्या यादीत, एकाखाली एक दीडशे ओळी. वर कुणीतरी कधीतरी घाईत बंद केलेला एक पत्ता, मधे एसएसएचचे, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीचे, चार नियम, त्यातले दोन एकमेकांशी भांडणारे, आणि तळाशी एक ‘ॲक्सेप्ट’, ज्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. नियम चुकीचे असतीलच असं नाही. पण कुठला नियम कशासाठी आहे हे कळत नाही, म्हणून तो कुणी काढत नाही, आणि यादी वाढत जाते.

यावरचा उपाय म्हणजे स्वतःच्या चेन, आणि तो आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलचे नियम लिहायच्या साधनाच्या) जन्मापासून त्याच्यात आहे. आयपीटेबल्स २००१ मध्ये लिनक्स कर्नल २.४ बरोबर आलं, आणि त्याच्या आधीच्या आयपीचेन्समध्येही स्वतःच्या चेन करता येत होत्या. तरी बरेच जण त्या वापरत नाहीत, कारण इंटरनेटवरून उचललेले नियम थेट इनपुटमध्येच घातलेले असतात.

एक खुलासा आधीच करतो. खाली आज्ञा आणि पर्याय मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. टर्मिनलमध्ये ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. आयपीटेबल्सला मोठं आणि लहान अक्षर वेगळं असतं (मोठा एन नवी चेन करतो, लहान एन पत्ते आकड्यांत दाखवतो), म्हणून अक्षर मोठं की लहान ते जागोजागी सांगितलंय. अक्षराच्या आधी हायफन असतोच.

चेन संपली की पॅकेट कुठे जातं

प्रोग्रामिंग केलं असेल तर स्वतःची चेन म्हणजे फंक्शन समजा. मुख्य चेनमधल्या एखाद्या नियमात लहान जे देऊन तिचं नाव घेतलं की पॅकेट तिथे उडी मारतं आणि तिथले नियम वरून खाली तपासले जातात. एखाद्या नियमाने ॲक्सेप्ट (आत सोडा), ड्रॉप (गुपचूप टाकून द्या) किंवा रिजेक्ट (नकार कळवून टाका) म्हटलं तर विषय संपला. कुणीच काही म्हटलं नाही तर पॅकेट जिथून उडी मारली होती त्याच्या पुढच्या नियमावर परत येतं.

लोक चुकतात ते इथेच. इनपुट, आउटपुट, फॉरवर्ड या मूळ चेनना पॉलिसी असते, म्हणजे शेवटपर्यंत निर्णय झाला नाही तर काय करायचं ते ठरलेलं असतं. तुमच्या चेनला पॉलिसी नसते आणि देताही येत नाही. ‘माझ्या एसएसएच चेनमध्ये फक्त तीन पत्त्यांना परवानगी आहे, म्हणजे बाकीचे आपोआप बंद’ असं धरून चाललात तर फसाल. बाकीचे बंद होत नाहीत, ते परत इनपुटमध्ये येतात. तिथे खाली कुठेतरी ढिला ॲक्सेप्ट असला की सरळ आत.

म्हणून प्रत्येक चेन करताना तिच्या शेवटी काय होणार ते आधी ठरवा: इथेच निकाल लावायचा, की काही पॅकेट परत पाठवायची? निकाल लावायचा असेल तर शेवटचा नियम बिनशर्त हवा.

आणखी दोन बारक्या गोष्टी. चेन एका टेबलची, म्हणजे एका कामासाठीच्या चेनच्या गटाची, असते. फिल्टर टेबलमध्ये केलेली चेन नॅट टेबलमधून दिसत नाही. आणि नाव २८ अक्षरांपर्यंतच चालतं. नावं लहान अक्षरांत ठेवायचा जुना संकेत आहे, तो पाळा. मूळ चेन आणि ड्रॉपसारखे निर्णय मोठ्या अक्षरांत असल्यामुळे कुठलं नाव आपलं आहे ते नजरेला लगेच कळतं. अर्थात म्हणून चेनचं नाव लहान अक्षरांत ‘ड्रॉप’ ठेवू नये. मी ते पाहिलेलं आहे.

हात लावण्याआधी

आधी आयपीटेबल्सला मोठा व्ही देऊन आवृत्ती बघा. आकड्यापुढे कंसात ‘एनएफ टेबल्स’ किंवा ‘लेगसी’ असं येतं. डेबियन १० पासून मूळ व्यवस्था एनएफटेबल्सवर चालते, म्हणजे आज्ञा जुनी आणि आतलं इंजिन नवं. दोन्ही चालतं, पण एकाच मशीनवर दोन्हींत नियम घालू नका. एकीकडची यादी काढून ‘नियमच नाहीत’ म्हणत बसाल आणि पॅकेट दुसरीकडे अडलेलं असेल.

मग आयपीटेबल्स-सेव्ह चालवून सध्याची स्थिती फाइलमध्ये घ्या. आणि दूरच्या सर्व्हरवर असाल तर परतीची सोय करा: ‘ॲट’ (ठरल्या वेळी काम चालवणारी आज्ञा) वापरून पाच मिनिटांनी हीच फाइल आयपीटेबल्स-रिस्टोअरने परत चढेल असं लावून ठेवा. काम नीट झालं की ते काम रद्द करायचं. आयपीटेबल्स-ॲप्लाय नावाची तयार आज्ञाही आहे. ती नियम चढवते, ‘जोडणी चालू आहे ना?’ असं विचारते आणि मुदतीत उत्तर आलं नाही तर जुने नियम परत आणते. मूळ मुदत १० सेकंदांची असते, ती मला कमी वाटते. लहान टी देऊन ६० करा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझ्याकडून एकदा इनपुटची पॉलिसी ड्रॉप असताना दूरच्या मशीनवर मोठा एफ दिला गेला, चेनचं नाव न देता. त्याने टेबलमधले सगळे नियम पुसले जातात, पॉलिसी मात्र तशीच राहते. परवानगी देणारा एकही नियम उरला नाही आणि कर्सर लुकलुकायचाही थांबला. पुढचा तास होस्टिंगवाल्यांच्या वेब कन्सोलमध्ये शिरायचा रस्ता शोधण्यात गेला. तेव्हापासून सगळं पुसायचंच असेल तर मी आधी मोठा पी देऊन पॉलिसी ॲक्सेप्ट करतो.

पहिली चेन: लॉगड्रॉप

सुरुवात सगळ्यात छोट्या चेनपासून करू. ‘नोंद करा आणि टाकून द्या’ हे काम पाच-सहा ठिकाणी लागतं. लॉग हा निर्णय नाही. नोंद झाल्यावर पॅकेट पुढच्या नियमावर जातं, त्यामुळे दर वेळी दोन नियम लिहावे लागतात: एक लॉगचा, एक ड्रॉपचा, दोन्हींत तीच लांबलचक अट. अट बदलताना एकीकडे बदलायची राहते आणि नोंद एका गोष्टीची, अडवणूक दुसऱ्याच गोष्टीची, असं होतं.

मोठा एन आणि नाव देऊन ‘लॉगड्रॉप’ चेन करा. तिच्यात मोठ्या ए ने दोन नियम घाला. पहिल्यात लिमिट मॉड्यूल लावून मिनिटाला ५ अशी मर्यादा, लहान जे ने लॉग, आणि लॉग-प्रीफिक्समध्ये ओळखता येईल असा शब्द. हा शब्द २९ अक्षरांपर्यंतच असतो आणि शेवटी एक जागा सोडायला विसरू नका, नाहीतर तो पुढच्या मजकुराला चिकटतो. दुसरा नियम बिनशर्त ड्रॉप. मर्यादा फक्त पहिल्या नियमाला आहे हे लक्षात घ्या: नोंदी सरासरी मिनिटाला पाचच होतील, टाकली जातील मात्र सगळी पॅकेट. मर्यादा न लावता लॉग सोडलात तर कुणीही बाहेरून तुमची डिस्क भरू शकतो.

आता कुठेही ‘लहान जे, लॉगड्रॉप’ एवढं लिहिलं की झालं.

दुसरी: एसएसएच तपास

चेनचं नाव ‘एसएसएच_तपास’ धरू. तिच्यात पोर्टचा उल्लेखही करायचा नाही. पोर्ट २२ ची अट इनपुटमधल्या उडीच्या नियमात एकदाच असते. आत आलेलं प्रत्येक पॅकेट त्या अटीतून आलेलंच आहे. इनपुटने विचारायचं ‘हे कशासाठी आलंय?’ आणि चेनने विचारायचं ‘हा कोण आहे?’. उद्या एसएसएच दुसऱ्या पोर्टवर नेलं तर बदल एकाच ओळीत.

आतले नियम या क्रमाने:

पहिला, आपला ठरलेला पत्ता, समजा २०३.०.११३.१०, त्याला ॲक्सेप्ट. 

दुसरा, रीसेंट मॉड्यूल (अलीकडे आलेले पत्ते लक्षात ठेवणारं), यादीचं नाव ‘एसएसएच’, पर्याय अपडेट, सेकंद ६०, हिटकाउंट ४, उडी लॉगड्रॉपवर.

तिसरा, त्याच यादीत सेट, आणि ॲक्सेप्ट.

दुसऱ्या आणि तिसऱ्याचा क्रम उलटा करू नका. नवा पत्ता आला की दुसऱ्या नियमाला तो यादीत सापडत नाही, मग तिसरा त्याची नोंद करून आत सोडतो. एका मिनिटात चार नव्या जोडण्या झाल्या की पाचवी दुसऱ्या नियमात अडकते. अपडेटऐवजी आर-चेक वापरता येतं आणि दोन्हींतला फरक कळण्यासारखा आहे. अपडेटमध्ये अडवलेला प्रयत्नही नोंदला जातो, त्यामुळे धडका मारत राहणाऱ्याची शिक्षा लांबत जाते. आर-चेकमध्ये मिनिट उलटलं की संधी पुन्हा मिळते. मी अपडेट वापरतो. पण एकाच सार्वजनिक पत्त्यामागून दहा माणसं काम करत असतील तर आर-चेक बरा, नाहीतर एकाच्या बिघडलेल्या स्क्रिप्टपायी बाकी नऊ जण बाहेर राहतात.

रीसेंटची यादी मुळात १०० पत्तेच लक्षात ठेवते. जुने गळून पडतात. हजारो पत्ते कायमचे अडवायचे असतील तर हे साधन नव्हे, आयपीसेट (पत्त्यांच्या मोठ्या याद्या ठेवणारं साधन) वापरा.

तिसरी: काळी यादी आणि रिटर्न

‘काळीयादी’ चेनमध्ये अडवायचे पत्ते. समजा १९८.५१.१००.०/२४ हा अख्खा पट्टा अडवायचाय, पण त्यातल्या १९८.५१.१००.२० वर आपलं देखरेखीचं मशीन आहे. त्याला वर ॲक्सेप्ट दिलात तर ते काळ्या यादीतून सुटेल, पण पुढच्या सगळ्या तपासण्यांतूनही सुटेल, आणि सगळे पोर्ट त्याला मोकळे. आपल्याला एवढंच म्हणायचंय की ही यादी याला लागू नाही. त्यासाठी रिटर्न. पहिल्या नियमात तो पत्ता आणि लहान जे ने रिटर्न. दुसऱ्यात पट्टा आणि लॉगड्रॉप. देखरेखीचं मशीन परत इनपुटमध्ये येतं आणि इतरांसारखं रांगेत लागतं.

या चेनच्या शेवटी बिनशर्त काही ठेवायचं नाही. ज्यांची नावं यादीत नाहीत ते परत जायलाच हवेत.

आता इनपुट

आतापर्यंत केलेल्या चेनना कुणी बोलावलेलंच नाही, त्यामुळे चालू सर्व्हरवर काहीही बदललेलं नाही. चेन आधी पूर्ण भरा, उडी शेवटी घाला. उलट केलंत तर रहदारी अर्धवट नियमांतून जात राहते.

इनपुटमध्ये एवढंच:

१. लूपबॅक इंटरफेसवरून (मशीन स्वतःशीच बोलतं तो) आलेलं, ॲक्सेप्ट.
२. कॉनट्रॅकनुसार (कर्नल ठेवतो त्या जोडण्यांच्या नोंदीनुसार) एस्टॅब्लिश्ड किंवा रिलेटेड, म्हणजे चालू जोडणीतलं किंवा तिच्याशी संबंधित, ॲक्सेप्ट.
३. इनव्हॅलिड (कुठल्याच जोडणीत न बसणारं), ड्रॉप.
४. सगळं, काळीयादीकडे.
५. पिंगची विनंती, मर्यादेसह ॲक्सेप्ट.
६. टीसीपी, पोर्ट २२, एसएसएच_तपासकडे.
७. टीसीपी, पोर्ट ८० आणि ४४३, ॲक्सेप्ट.
८. सगळं, लॉगड्रॉपकडे.

पॉलिसी ड्रॉप, पण ती आठवा नियम जागेवर बसल्यावर. वेबसाठी मी वेगळी चेन केली नाही, कारण तिथे एकच ओळ आहे. एका नियमासाठी चेन म्हणजे एका चमच्यासाठी कपाट. जेव्हा तीन-चार नियम एकाच अटीखाली जमतात तेव्हा चेन करा.

दुसरा नियम इतक्या वर का? कारण चालू जोडण्यांची पॅकेट, म्हणजे एकूण रहदारीतली बहुतेक, तिथेच सुटतात आणि खालच्या चेन फक्त नव्या जोडणीच्या पहिल्या पॅकेटसाठी चालतात. पण याचा एक परिणाम विसरू नका: काळ्या यादीत आत्ता घातलेल्या पत्त्याची आधीच उघडी असलेली जोडणी चालूच राहते. ती तोडायची तर कॉनट्रॅकच्या यादीतून वेगळी काढावी लागते. आणि दुसरा परिणाम: ‘नियम चढवले, माझं टर्मिनल अजून चालू आहे, म्हणजे ठीक’ हा पुरावा नाही. तुमचं टर्मिनल दुसऱ्या नियमाच्या जिवावर चालू आहे. नवं टर्मिनल उघडून लॉगिन होतंय का ते बघा, मगच परतीची सोय रद्द करा.

एक पॅकेट चालवून बघू

१९८.५१.१००.७ वरून पोर्ट २२ वर नवी जोडणी येतेय. इनपुट १: लूपबॅक नाही. २: नवी आहे, बसत नाही. ३: इनव्हॅलिड नाही. ४: काळीयादीत उडी. तिथला पहिला नियम २० क्रमांकाच्या मशीनसाठी, लागू नाही. दुसरा पट्ट्याचा, लागू. लॉगड्रॉपमध्ये उडी. नोंद, मग ड्रॉप. सहाव्या नियमापर्यंत ते पोचलंच नाही.

हे कागदावर. मशीनवर बघायला मोठा एल, लहान व्ही, लहान एन आणि लाइन-नंबर्स द्या. प्रत्येक नियमापुढे पॅकेटचा आकडा येतो आणि स्वतःच्या चेनच्या नावापुढे कंसात तिला किती ठिकाणांहून बोलावलंय ते. तिथे शून्य असेल तर चेन आहे, पण उडी नाही. उडी आहे पण आकडा शून्यच राहतोय, तर वरचा कुठलातरी नियम पॅकेट आधीच सोडवतोय. मोठा झेड देऊन आकडे शून्य करा, बाहेरून एकच जोडणी करा, पुन्हा बघा. माझे दहातले नऊ घोळ एवढ्यावरच सापडतात. उरलेल्यासाठी रॉ टेबलमध्ये ट्रेस लावता येतो, तो पॅकेट कुठल्या नियमांतून गेलं त्याचा माग देतो. नव्या इंजिनावर तो माग एक्सटेबल्स-मॉनिटरला ट्रेस पर्याय देऊन दिसतो. काम झालं की ट्रेसचा नियम काढा.

लहान जे ऐवजी लहान जी दिला तर उडी एकतर्फी होते. चेन संपल्यावर पॅकेट बोलावणाऱ्या चेनमध्ये येत नाही, तर त्याच्याही आधी लहान जे ने जिथून आलं होतं तिथे जातं. थेट इनपुटमधून लहान जी दिला असेल तर शेवटी इनपुटची पॉलिसी लागते. वाचणाऱ्याला हे पटकन उमगत नाही, म्हणून मी शक्यतो टाळतो.

चालू चेन बदलणं

चेन करण्याचा खरा फायदा बदलताना कळतो. एसएसएच_तपास नव्याने लिहायची आहे. ती पुसून भरायला घेतली तर मधले काही क्षण ती रिकामी असते. त्याऐवजी ‘एसएसएच_नवी’ करा, पूर्ण भरा, आणि इनपुटमधली सहावी ओळ मोठ्या आर ने बदलून उडी नव्या चेनकडे वळवा. बिघडलं तर तीच ओळ परत जुन्या चेनकडे. ठीक चाललं की जुनी मोठ्या एफ ने रिकामी करा, मोठ्या एक्स ने काढा, आणि नवीला मोठ्या ई ने जुनं नाव द्या.

मोठा एक्स नाही म्हणाला तर कारण दोनांपैकी एक: चेनमध्ये अजून नियम आहेत, किंवा तिच्याकडे कुठूनतरी उडी आहे. उडी शोधायला मोठा एस देऊन निघालेल्या यादीत चेनचं नाव ग्रेपने शोधा.

दुसऱ्यांच्या चेन

मशीनवर चेन करणारे तुम्ही एकटे नसता. लॉगिनचे फसलेले प्रयत्न बघून पत्ते अडवणारं फेल-टू-बॅन, आयपीटेबल्स वापरत असेल तर, प्रत्येक सेवेसाठी ‘एफ-टू-बी’ने सुरू होणारी चेन करून इनपुटच्या डोक्यावर उडी ठेवतं. तुम्ही इनपुट पुसली की ती उडी गेली, आणि अडवलेले पत्ते यादीत दिसत असूनही आत येतात. म्हणून इनपुट पुसल्यावर फेल-टू-बॅन पुन्हा सुरू करा.

डॉकरचं (कंटेनर, म्हणजे वेगळ्या डब्यात प्रोग्राम चालवणारी व्यवस्था) प्रकरण जास्त फसवं आहे. कंटेनरचा पोर्ट उघडला की बाहेरून आलेल्या पॅकेटचा पत्ता प्रीरूटिंगमध्येच (इनपुटच्या आधी लागणारी चेन) बदलतो आणि ते फॉरवर्डमधून जातं. इनपुटमध्ये ते येतच नाही. वरची सगळी मेहनत त्या पोर्टला लागू नाही! त्यासाठी डॉकरने ‘डॉकर-यूजर’ ही चेन तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे आणि ती त्याच्या स्वतःच्या नियमांच्या आधी तपासली जाते. काळीयादीकडे एक उडी तिथेही ठेवा. नियम तेच, बोलावणं दोन ठिकाणांहून. मात्र तिथे पोर्टची अट घालाल तर ती कंटेनरच्या आतल्या पोर्टला लागते, कारण बदल आधीच झालेला असतो. बाहेरचा मूळ पोर्ट धरायचा तर कॉनट्रॅक मॉड्यूलमधला सीटी-ओरिग-डीएसटी-पोर्ट हा पर्याय आहे.

टिकवणं आणि आयपी आवृत्ती ६

हे सगळं मेमरीत आहे. मशीन पुन्हा सुरू झालं की गेलं. डेबियन आणि उबुंटूवर नेटफिल्टर-पर्सिस्टंटला ‘सेव्ह’ सांगितलं की नियम फाइलमध्ये जातात आणि बूट होताना परत चढतात. त्यासाठी आयपीटेबल्स-पर्सिस्टंट हे पॅकेज लागतं. डॉकर किंवा फेल-टू-बॅन चालू असताना सेव्ह केलंत तर त्यांच्याही चेन फाइलमध्ये जातात, तेव्हा फाइल एकदा डोळ्यांखालून घाला.

आयपी आवृत्ती ६ साठी आयपी-सिक्स-टेबल्स ही वेगळी आज्ञा आणि तिच्या वेगळ्या चेन. इकडे कुलूप लावून तिकडे दार सताड उघडं, हे फार ठिकाणी दिसतं. तिथे आयसीएमपी सरसकट अडवू नका. शेजारचं मशीन आणि राउटर शोधण्याचे प्रकार, १३३ ते १३६, स्वतंत्र नियमाने सोडावे लागतात, नाहीतर जोडणी थोडा वेळ चालून गपकन बंद पडते.

एनएफटेबल्समध्ये हेच

नव्याने सुरुवात करत असाल तर थेट एनएफटेबल्स शिका. ते २०१४ च्या जानेवारीत कर्नल ३.१३ मध्ये आलं. तिथे आधीपासून कुठलीच चेन नसते. कर्नलच्या वाटेवर बसवलेली, हुक (त्या वाटेवरची जागा), प्राधान्य आणि पॉलिसी असलेली ती बेस चेन. बाकी सगळ्या साध्या चेन, आपण वर केल्या तशा. सहावा आणि सातवा नियम तिथे एका ओळीत होतात: व्हीमॅप (कुठल्या पोर्टला काय करायचं त्याचा तक्ता) लावून २२ ला एसएसएच_तपासकडे उडी, ८० आणि ४४३ ला ॲक्सेप्ट. पोर्ट कितीही वाढले तरी एकदाच शोध. अख्खी फाइल लहान एफ ने एका झटक्यात चढते आणि त्याआधी लहान सी लावून नुसती तपासताही येते. नियमांपुढचे आकडे मात्र आपोआप येत नाहीत, जिथे हवेत तिथे ‘काउंटर’ लिहावं लागतं.

आयपीटेबल्सवरून जाणाऱ्याला तिथे एक ठेच हमखास लागते. एकाच हुकवर दोन बेस चेन असतील तर पहिलीतला ॲक्सेप्ट अंतिम नसतो. पॅकेट पुढच्या प्राधान्याच्या चेनमध्ये जातं आणि तिथे अडू शकतं. ड्रॉप मात्र जिथे झाला तिथे अंतिम. तुमच्या चेनमध्ये ॲक्सेप्टचा आकडा वाढतोय आणि जोडणी होत नाहीये, असं दिसलं तर एनएफटीला (एनएफटेबल्सची आज्ञा) ‘लिस्ट रूलसेट’ सांगून त्याच हुकवर आणखी कोण बसलंय ते बघा.